बाऊल संपले नाहीत हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की बंगालचे बाऊल, म्हणजे गाणी गात फिरणारे तिथले साधक, संपले, शहराने आणि मोबाईलने त्यांना खाल्लं, ट्रेनमध्ये एकतारा घेऊन पैसे मागतात ते सगळे नकली, आणि खरे बाऊल म्हणजे जुने हिंदू साधू. वाचून वाईट वाटलं, कारण नोकरीसाठी दोन वर्षं तिकडे होतो आणि हावडा-बोलपूर लाइनवर ही माणसं खूप ऐकलीत.

पैसे मागतात म्हणून नकली? अहो, दारोदार गाऊन मिळतं त्याला बाऊल माधुकरीच म्हणतात, आपलाच शब्द. पुण्यात माधुकरी मागून शिकलेल्या पोरांना कोणी नकली विद्यार्थी म्हटलं का? शहरात दारं बंद झाली, खाली वॉचमन बसला, मग माणूस डब्यात चढणारच ना. भगवी कफनी कोणालाही विकत मिळते हे मान्य, पण मागणं हा काही नकलीपणाचा पुरावा नाही.

हिंदू साधू हे तर अर्धवटच. बाऊलांचे मोठे गीतकार लालन फकीर १८९० साली गेले, त्यांचा आखडा, म्हणजे मठ, कुष्टियाजवळ, म्हणजे आज बांगलादेशात, आणि ते हिंदू की मुसलमान यावर लोक अजून भांडतात, त्यांनी स्वतः मात्र जात विचारणाऱ्यांना गाण्यातूनच उडवून लावलं. वैष्णव, सूफी, देहातूनच साधना करणारा सहजिया पंथ, सगळं त्यात मिसळलेलं आहे, देव देवळात मशिदीत नाही, देहात शोधायचा. कट्टर लोकांना हेच खुपतं, २००८ मध्ये ढाका विमानतळासमोरचं बाऊलांचं शिल्प विरोधामुळे काढावं लागलं. युनेस्कोने २००५ मध्ये गौरव केला तोही बांगलादेशातल्या बाऊल गाण्यांचा.

आणि संपले म्हणणाऱ्यांनी एकदा मकरसंक्रांतीला बीरभूममध्ये अजय नदीकाठी जयदेव केंदुलीला जावं, आखड्यांत रात्र रात्र गाणं चालतं.

आता मोबाईल. मोबाईलने गाणं मारलं नाही, उलट पोहोचवलं. झिजतंय ते वेगळंच. गुरूपाशी वर्षानुवर्षं राहून गाण्याचा आतला अर्थ घेणं कमी होतंय, कारण तेवढी वर्षं पोट कोण भरणार? शांतिनिकेतनजवळच्या सोनाझुरीच्या हाटात टुरिस्टला तीच चार ओळखीची गाणी हवी असतात. ट्रेनमध्ये तर दोन स्टेशनांच्या मध्ये बसेल तेवढंच गाणं, मग शेवटचं कडवं गळतं, आणि बहुतेक वेळा कवीचं नाव, म्हणजे भणिता, त्यातच असतं. आपण अभंग 'तुका म्हणे'च्या आधीच तोडला तर कसं वाटेल? मला याचंच जास्त दुःख आहे.

एकदा एका म्हाताऱ्या बाबांना म्हटलं, पूर्ण गा ना. ते डोळे मिटून भणितेपर्यंत गायले, त्यांचं स्टेशन मागे गेलं, पुढच्याला उतरले आणि परतीच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर खमक, म्हणजे त्यांचं तारेचं वाद्य, वाजवत बसले.