लिदेची वाट

घोडी दारात बांधली की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. पळते किती? लाथ मारते का? कितीला पडली? सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली म्हटलं की पाहुणे आमच्या चांदणीच्या कानांकडे बघत बसतात, कारण मारवाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला एकमेकांना टेकतात. शेपटीखाली काय हालहवाल आहे, याची चौकशी मात्र आजवर एकाही पाहुण्याने केलेली नाही. घोडी पाळणाऱ्याचा जीव तर तिथेच अडकलेला असतो. धडधाकट घोडी दिवसाकाठी आठ-दहा वेळा लीद टाकते. मी उठलो की तोंड धुण्याआधी तबेल्यात जाऊन ढीग मोजतो आणि काडीने गोळे फोडून बघतो. गोळा ओलसर हवा. त्यात अख्खा हरभरा दिसला तर दाढा कानशीने घासून घ्यायची वेळ आली असं समजायचं. बायको म्हणते, पोरांची प्रगतिपुस्तकं इतकी निरखली असती तर एखादा कलेक्टर झाला असता.

माघातल्या एका संध्याकाळी ढीग काही वाढेना. थंडी कडाक्याची, हौदातलं पाणी बर्फासारखं. एरवी पंचवीस-तीस लिटर सहज रिचवणारी घोडी नुसतं नाक लावून मागे सरत होती. कडबा मात्र तिने नेमाने संपवला होता. घोड्याचं मोठं आतडं एका वळणावर एकदम अरुंद होतं आणि पाण्याविना गेलेला कोरडा चारा तिथे येऊन हटकून तुंबतो. घोडं पेंड खातं ते नेमकं इथंच. जरा वेळाने तिने पुढच्या पायाने जमीन उकरायला सुरुवात केली, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघितलं, वरचा ओठ दुमडला आणि धपकन बसून लोळायला लागली. पोटशूळ! घोड्याला उलटीही करता येत नाही. जठराच्या तोंडाशी झडप इतकी घट्ट की आत गेलेलं पुन्हा वर येणं नाही. देवाने एवढं मोठं जनावर घडवलं आणि वाट ठेवली एकच, तीही अशी तुंबणारी.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातल्या एका लग्नात नवरदेव तिच्यावर बसणार होता.

डॉक्टर तालुक्याला. फोनवर म्हणाले, "निघालोच. तोवर चारा-दाणा समोरून हलवा, हळूहळू फिरवत राहा आणि नाडी मोजून सांगा." घोड्याची नाडी जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवलं की लागते. उभ्या घोड्याला ती मिनिटाला २८ ते ४४ असावी. घोडी मान झटकणार, बोट सुटणार, मोबाइलवरचे सेकंद पळणार. अखेर ५२ भरली. माझी स्वतःची नाडी मोजायची हिंमत झाली नाही. मग हिरडी बोटाने दाबायची, पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तो झाला. मग बरगड्यांमागे पोटाला कान लावायचा. आत गुडगुड ऐकू आली पाहिजे. आत शुकशुकाट! घरातली पोरं एकदम गप्प झाली की आईच्या पोटात गोळा येतो, तसा माझ्या आला.

फोन ठेवेपर्यंत निम्मं गाव अंगणात हजर. आजीने निदान केलं, दृष्ट. तात्यांनी हिंग-ओव्याचा काढा बाटलीने नरड्यात ओतायचं ठरवलं. एका गड्याने देशीचा अर्धा खंबा सुचवला. उरलेला अर्धा कोणी संपवायचा, तेही त्याचं ठरलेलं दिसलं. जबरदस्तीने ओतलेलं फुफ्फुसात उतरतं आणि पोटशूळाने न मेलेलं घोडं उपचाराने मरतं, हे मी ओरडून सांगत होतो. आजीच्या मीठमोहऱ्या तेवढ्या चालू दिल्या. ज्या उपचारात घोडीच्या पोटात काहीच जात नाही, त्याला माझी कधीच हरकत नसते.

मधूनच नवरदेवाच्या मामांचा फोन. "घोडीला झूल लाल घालायची की निळी?"

डॉक्टर आले, त्यांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि सगळी गर्दी आपोआप चार पावलं मागे सरली. पूर्ण हात आत घालून त्यांनी चाऱ्याचा गठ्ठा चाचपला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकपुडीतून लांबलचक नळी थेट जठरात सोडली आणि त्यातून पाणी अन् लिक्विड पॅराफिन चढवलं. "आता वाट बघा," म्हणाले आणि चहा प्यायले. त्याच हाताने नव्हे, दुसऱ्या.

मग आम्ही तिच्या मागे बसलो. मागे म्हणजे लाथेच्या टप्प्याबाहेर. मी, डॉक्टर, तात्या आणि काढ्याची बाटली. पहाटेच्या सुमारास तिने शेपटी उचलली. तात्या अर्धे उठले. नुसता वारा! डॉक्टर म्हणाले, "हेही शुभ आहे." पुन्हा सगळे खाली बसले. उजाडताना शेपटी पुन्हा वर गेली आणि तेलाने चकाकणारे गोळे धपाधप पडले. तात्यांनी मला मिठी मारली. मी बायकोला उठवून दाखवायला आणलं. तिने ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती अंघोळीचं पाणी तापवायला गेली.

"दोन दिवस पूर्ण आराम," डॉक्टरांनी बजावलं. "कोमट पाणी, थोडा थोडा हिरवा चारा. वरात-बिरात काही नाही."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मी आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "मामा, लीद पडली!"

"बरं झालं. मग घोडी किती वाजता पाठवताय?"

मी नाही म्हटल्यावर मामा जे बोलले, त्यात छापण्याजोगा शब्द एकच होता, घोडी.