‘करपा बटाट्यावर पडला, त्यात सरकारचा काय दोष?’ या प्रतिक्रियेला उत्तर

आयर्लंडातल्या १८४५ नंतरच्या दुष्काळाला ब्रिटिश सरकारही जबाबदार होतं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: १८४५ चा करपा (बटाट्याचा रोग) बेल्जियम-हॉलंडातही पडला, आयरिश कुळांची सगळी भिस्त एकाच पिकावर होती, म्हणून ती मेली आणि उरलेली अमेरिकेला गेली, ‘धान्य बाहेर जात होतं’ हे अर्धसत्य आहे.

शेवटचा मुद्दा मान्य. लेखातलं ते वाक्य अपुरं होतं. १८४७ मध्ये आयर्लंडातून गेलं त्यापेक्षा कितीतरी जास्त धान्य, मुख्यतः मका, आत आलं. पण महिने बघा. १८४६ चा बटाटा जवळजवळ सगळा सडला. त्याच हंगामातले ओट्स नेहमीप्रमाणे खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, भागवायला विकले गेले आणि बोटींवर चढले. मक्याची मोठी आवक सुरू झाली ती १८४७ उजाडल्यावर. वर्षाच्या बेरजेत मधला हिवाळा दिसत नाही, आणि माणसं त्या हिवाळ्यात मेली.

भिस्तीचं म्हणाल तर मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटा खात असे, कारण एवढ्याशा तुकड्यावर अख्खं कुटुंब जगवणारं दुसरं पीक नव्हतं. ओट्स आणि डुक्कर खंडासाठी, बटाटा पोटासाठी. ब्रिटनचे पंतप्रधान पील यांच्या सरकारने १८४५ च्या अखेरीस १ लाख पौंडांचा अमेरिकी मका मागवला, तो इतका टणक निघाला की दोनदा दळावा लागे. अर्धाकच्चा खाऊन लोकांना हगवण लागली.

माझा मुख्य मतभेद ‘उरलेली अमेरिकेला गेली’ या वाक्याशी आहे. करप्याने पीक गेलं. जमीन गेली ती कायद्याने.

१८४७ च्या जुलैत सरकारी अन्नछत्रांत रोज सुमारे ३० लाख लोक जेवत होते. म्हणजे एवढ्यांना खाऊ घालणं जमत होतं. तरीही शरद ऋतूपर्यंत ती बंद केली आणि सगळा भार वर्कहाउसवर, म्हणजे स्थानिक करातून चालणाऱ्या गरीबखान्यांवर टाकला. त्याच सुमाराच्या कायद्यात विल्यम ग्रेगरी या खासदाराने एक कलम घुसवलं: ज्याच्या ताब्यात पाव एकरापेक्षा जास्त जमीन, त्याला मदत नाही.

पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पाच एकर कसणारं कूळ डोळ्यांसमोर आणा. मदत हवी तर आधी जमिनीचा राजीनामा द्यायचा. कलमात घराचा उल्लेख नव्हता, पण जमीनदाराचा कारभारी बहुतेकदा घरही मागे, आणि कुटुंब बाहेर पडलं की छप्पर उतरवून भिंती पाडल्या जात, परत येऊन राहू नये म्हणून. यात जमीनदाराचा सरळ फायदा होता. चार पौंड किंवा त्याखालच्या वार्षिक मूल्याच्या जमिनीवरचा गरीब-कर, म्हणजे वर्कहाउस चालवणारा तो स्थानिक कर, कुळाऐवजी त्यालाच भरावा लागे. जितकी लहान कुळं हटतील तितका कर कमी. ही दोन कलमं एकत्र वाचल्याशिवाय ती हकालपट्टी समजत नाही. एक वर्ष कसंबसं काढून पुढच्या वर्षी पेरलं असतं अशा माणसाकडे पेरायला जागाच उरली नाही. कित्येकांनी जमीन सुटू नये म्हणून मदतच घेतली नाही. बायकामुलांना या अटीतून सवलत मिळाली ती १८४८ मध्ये, फार उशिरा.

स्थलांतर आधीही होतंच; १८१५ ते १८४५ मध्ये सुमारे दहा लाख लोक उत्तर अमेरिकेला गेले. पण तेव्हा बहुतेक तिकिटापुरते पैसे जमवून जात. १८४७ नंतर आयर्लंडच्या पश्चिमेकडची कुटुंबंच्या कुटुंबं निघाली, टायफस (उवांमार्फत पसरणारा जीवघेणा ताप) अंगात घेऊन. कॅनडातल्या क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या क्वारंटाइन बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक माणसं पुरली गेली. १८४१ च्या खानेसुमारीत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली.

राजकारणावर याचा काय परिणाम झाला, असंही तुम्ही विचारलंत. मायकेल डेव्हिट १८४६ मध्ये मेयो काउंटीत जन्मला. १८५० मध्ये त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढलं. वर्कहाउसमध्ये मुलगा आईपासून वेगळा ठेवतात हे कळताच आईने तिथे राहायला नकार दिला, आणि कुटुंब इंग्लंडमधल्या लँकेशायरला गेलं. अकराव्या वर्षी कापडगिरणीत त्याचा उजवा हात गेला. १८७९ मध्ये त्यानेच मेयोतून जमीनदारांविरुद्ध लँड लीग ही कुळांची संघटना उभी केली.