बंद गिरणीच्या कामगारानं संप कशाचा करायचा?

नमस्कार.

गिरणी कामगारांचे नेते दत्ता इस्वलकर यांच्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: याच पुढाऱ्यांनी संप करून मुंबईच्या कापड गिरण्या बुडवल्या, माणसं बेकार केली आणि वर त्यांना फुकटच्या घरांची आशा लावली. कष्टाची तयारी असेल तर मुंबईत कामाला तोटा नाही. हे वाचून राग आला, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही.

आधी नावाचा घोळ मिटवतो. 18 जानेवारी 1982 चा संप दुसऱ्या कामगार नेत्याचा, डॉ. दत्ता सामंतांचा. इस्वलकर तेव्हा मॉडर्न मिलमधले कामगार होते, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले. बंद गिरणी कामगार संघर्ष समिती त्यांनी सुरू केली ती 1989 मध्ये. तोवर संपाला सात वर्षं होऊन गेली होती आणि अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण गाव गाठून बसले होते. संप बरोबर की चूक, यावर आमच्या घरातच आई-वडिलांचं कधी पटलं नाही. पण त्याचा हिशेब इस्वलकरांच्या नावावर मांडणं हा अन्याय आहे.

आता ‘कामाला तोटा नाही’ याबद्दल. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात होते. सुरुवातीची कितीतरी वर्षं बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत. गिरणी बंद झाल्यावरही बरेच महिने ते पहिल्या पाळीच्या वेळेलाच घरातून निघायचे, डबा घेऊन. आई विचारायची नाही. पुढे कळलं की ते कामगार मैदानात बसून डबा खायचे आणि दुपारी परत यायचे. त्यानंतर त्यांनी भाजी विकली, एका इमारतीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून वर्षं काढली. कष्ट कमी पडले नाहीत हो. सुताचा तुटलेला धागा अंधारातसुद्धा बोटांनी शोधणाऱ्या माणसाला त्या बोटांचा उपयोग असलेलं काम या शहरात उरलं नव्हतं. आणि आईची खानावळ? चौदा जण जेवायचे. गिरणीबरोबर तीही बसली. तिला बेकार म्हणून कोणी मोजलंच नाही.

इस्वलकरांचं मोठेपण मला इथे दिसतं. ज्याच्या हाताला काम आहे, तो ते थांबवू शकतो, म्हणून मालक त्याचं ऐकतो आणि युनियनला त्याची वर्गणी मिळते. बंद गिरणीच्या कामगारानं काय थांबवायचं? तो चार दिवस उपाशी बसला तर कोणाचं उत्पादन बुडतं? अशा माणसांना, तीही विखुरलेली, वर्षानुवर्षं एकत्र ठेवणं हे चालू गिरणीत संप पुकारण्याहून अवघड काम आहे.

या कामगारांकडे मागणीला आधार म्हणून दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती: गिरण्यांची जमीन. सुमारे 600 एकर, ऐन मुंबईत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम 58 सांगत होतं की जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, म्हणजे सरकारच्या घरबांधणी संस्थेला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असं ठरलं. ज्या गिरणीत शेड उभ्या, तिथे मोकळी जमीन किती निघणार? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती कायम ठेवली. लोअर परळला उतरून आजूबाजूला बघा, त्याचा अर्थ डोळ्यांना दिसेल.

आणि म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर कामगारांसाठी जी घरं झाली, ती फुकट नाहीत. 2012 च्या पहिल्या मोठ्या सोडतीत 6,925 घरं होती, प्रत्येकी 225 चौरस फूट, किंमत साडेसात लाख. साठी ओलांडलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही, मुलगा नोकरीला असला तरच कर्ज निघतं. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात.

तुमची एक गोष्ट मान्य करतो. ‘लढा यशस्वी झाला’ असं मी लिहिलं, ते चुकलं. बहुतेकांना घर मिळालेलं नाही, आणि जे मिळालं ते एकट्या समितीमुळे नाही, इतर संघटना आणि मोर्च्यांत पुढे असलेल्या बायकाही त्यात होत्या. ते वाक्य मी बदलतो आहे. पण एप्रिल 2021 मध्ये जे. जे. रुग्णालयात वारलेल्या इस्वलकरांनी ‘आशा लावली’ हे मात्र मी मान्य करणार नाही. घरासाठी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा हवा, हे कळल्यावर माझ्या वडिलांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात हजेरीचं तिकीट, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फंडाची चिठ्ठी, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला तिकिटाचा नंबर मोठ्यानं वाचायला लावला आणि स्वतः खुर्चीवर ताठ बसून ऐकला.

अर्ज भरायच्या आधीच ते गेले. आईच्या नावानं भरला आहे. तिचा नंबर अजून लागलेला नाही.