मैत्रीण करताना आडनावावर जाऊ नये

मुलगी यंदा हायस्कुलात गेली असेल तर दप्तर, रेनकोट, वह्यांची कव्हरं ही किरकोळ कामं मागाहून करा. आधी तिला मैत्रिणी कशा निवडायच्या ते शिकवा. बेळगावात हे आईबापांना एकट्याने झेपत नाही, म्हणून गल्लीगल्लीत एकेक जाणकार काका असतात. आमच्या काकांनी गेल्या आठवड्यात मला जे शिकवलं, ते पुढे देते.

पहिलं म्हणजे, आडनावावर विसंबू नका. लेकीची नवी मैत्रीण अभ्यासाला आली, तिला काकांनी जिन्यातच अडवलं.

"कुणाची गे तू?"

"पाटलांची."

काका खुलले. आपल्यातली पोर! आतून कुंदा आणून तिच्या हातावर ठेवला. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला आणि ती कानडीत बोलायला लागली. काकांचा चेहरा असा उतरला की आता कुंदा परत मागतात की काय, असं मला वाटलं. इथे पाटील मराठा असतात, लिंगायत असतात, जैनही असतात. देसाई आणि कुलकर्ण्यांचं तर विचारूच नका. तेव्हा आधी फोन येऊ द्यावा, मग कुंदा द्यावा.

डबा वाटून खाऊ नये. शेंगाचटणी अपवाद.

कोकणी बोलणारी ख्रिश्चन मुलगी चालेल. उर्दूवालीबद्दल विचारलं तर काकांनी नुसता हात झटकला.

मैत्रीला मुदत घाला. जूनमध्ये सुरू, 31 ऑक्टोबरला बंद. 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, त्यांच्याकडे लाल-पिवळे झेंडे, आपल्याकडे निषेधाचा काळा दिवस, त्यामुळे दोघींनी ओळख दाखवायची नाही. 2 तारखेला गणिताच्या वहीपुरतं बोलायला हरकत नसावी.

कन्नडचा अभ्यास तर तिच्याकडून मुळीच घेऊ नये. शाळेत कन्नड शिकवण्याच्या 2015 च्या कायद्यापासून ते कुणाला चुकलेलं नाही, आणि सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली माझी पोर ओत्ताक्षरं, म्हणजे कानडी जोडाक्षरं, बघून रडकुंडीला येते, हे खरं. ती मैत्रीण तिला ती समजावून देते आणि बदल्यात बीजगणित शिकून घेते, हेही खरं. पण असं फुकटात शिकू नये. ट्यूशन लावावी. ट्यूशनचे सरही कानडीच असतात, पण फी भरली की ते चालतात.

"तिला आपल्यात कोण मिळालं नाही काय? आम्ही लाठ्या खाल्ल्यात सीमालढ्यात!" हे काका मला माझ्याच दारात उभं राहून सांगत होते, लेकीच्या देखत. खाल्ल्या असतील, मान्य आहे. 1956 साली बेळगाव कानडी राज्यात घातलं, तो आमच्यावर अन्याय झाला असं मीही मानते. मराठी पाटीवरून होणारी दादागिरी मलाही दिसते. पण काका, तुमच्या दुकानात गोकाकचं, बैलहोंगलचं गिऱ्हाईक आलं की तुमची कानडी कशी लोण्यासारखी वाहते! तेव्हा लाठ्या आठवत नाहीत? सकाळी तुमच्या घरातून कुमार गंधर्व ऐकू येतात. ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घर कानडी. त्यांनाही जिन्यात अडवून विचारलं असतंत का? आणि ते धारवाडचे बेंद्रे, घरात मराठी बोलणारे आणि ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला. त्यांना आपल्यातले म्हणायचं की त्यांच्यातले? बसा ठरवत. त्या पोरीच्या मामाचंही तेच, "मराठ्यांच्या घरात कशाला जातीस?" काका आणि मामा एका पंगतीला बसले तर किती छान जमेल! आपली मराठी शाळा पटावर पोरं मिळावीत म्हणून झगडते आहे, तिथे तुम्ही एक तरी नातवंड घातलंत का? नाही. ती इंग्लिश मीडियमला, व्हॅनने. भाषा जपायची ती माझ्या पोरीने, तीही मैत्रीण सोडून!

2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला सीमावादाचा दावा तेरा वर्षांच्या दोन पोरी जिन्यात निकालात काढणार आहेत का? मोठमोठे वकील आहेत त्यासाठी. परक्याच्या पोरीला अडवून जात-भाषा विचारताना शरम कशी वाटली नाही? त्या दिवसापासून ती आलेली नाही. माझी लेक तिला रोज बोलावते, ती रोज काहीतरी कारण सांगते. कारण काय आहे ते तिलाही माहीत आहे, हिलाही आणि मलाही.

पुन्हा ती आली तर तुम्ही दार लावून आत बसायचं. आणि भाषेचा एवढाच पुळका असेल तर गॅलरीत इंग्लिशमध्ये भांडणाऱ्या तुमच्या नातवंडांना आधी मराठीत भांडायला शिकवा.