डाल्कोव्स्कीचा वेग सोडा, वॉक मोजा

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, स्टीव्ह डाल्कोव्स्की याचं नाव निघालं की गाडी थेट त्याच्या चेंडूच्या 'ताशी ११० मैल' वेगावर जाते. हा वेग कुणीही मोजलेला नाही. यंत्राने मोजला तो १९५८ मध्ये अ‍ॅबरडीनच्या लष्करी तळावर, आणि आला ९३.५. तोही आदल्या दिवशी सामन्यात राबलेल्या हाताचा, सपाट जमिनीवरून. सामन्यात पिचर ज्यावरून टाकतो तो उंचवटा तेव्हा १५ इंचांचा असायचा. उतारावर पाय पुढे पडला की अंगाचं सगळं वजन चेंडूमागे येतं; इथे ते मिळालंच नाही. त्यात चेंडू यंत्राच्या टप्प्यात नीट पडेपर्यंत गेली ४० मिनिटं. मग त्या ९३.५ वरून तरी काय ठरवायचं?

मला विचाराल तर या डावखुऱ्या पोराची सगळी कारकीर्द वॉकमध्ये आहे. चार चेंडू बाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट, तो वॉक. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तो स्ट्राइक-आउट; आणि सामन्याच्या नऊ भागांपैकी एक म्हणजे इनिंग. १९५७, खालच्या लीगमधला किंग्सपोर्ट संघ: ६२ इनिंग, १२१ स्ट्राइक-आउट, १२९ वॉक. जिंकला १, हरला ८. १९६०, स्टॉकटन: १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइक-आउट आणि वॉकही तेवढेच, २६२. नऊ इनिंगमागे जवळजवळ १४! बेस असे फुकटात भरले की एखादा साधा फटकाही दोन धावा देऊन जातो.

त्याचा मालक क्लब बाल्टिमोर ओरिओल्सने उपाय पुष्कळ केले. १५ फुटांवरून टाकायला लावलं, प्लेटच्या (ज्यावरून चेंडू जायला हवा त्या फळीच्या) दोन्ही बाजूंना बॅटर उभे केले, हात दमेपर्यंत टाकून घेतलं. प्रत्येक उपायाने पोराच्या डोक्यात आणखी एक काळजी घातली, असं माझं ठाम मत आहे. १९६२ मध्ये एल्मायरा संघात मॅनेजर अर्ल वीव्हरने भर घालण्याऐवजी काढून घेतलं: फक्त फास्टबॉल (वेगवान चेंडू) आणि स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू), बाकी काही नाही. त्या मोसमात १६० इनिंग, १९२ स्ट्राइक-आउट, ११४ वॉक, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा) ३.०४. नऊ इनिंगमागे वॉक साडेसहाच्या आत आले. जास्तच आहेत, पण स्टॉकटनच्या निम्म्याहून कमी!

मार्च १९६३ मध्ये, मेजर लीग (सर्वांत वरची लीग) तोंडावर आलेली असताना, यांकीजविरुद्धच्या सराव सामन्यात त्याचं कोपर गेलं. तो वेग परत आला नाही. १९६५ पर्यंत तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. मेजर लीगच्या नोंदीत त्याच्या नावावर एकही चेंडू नाही.