‘रिकामटेकड्यांची हौस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कमांड लाइनवरून, म्हणजे माउसऐवजी आज्ञा टाइप करून, मायएसक्यूएल या डेटाबेसमधून ऊसबिलाची यादी कशी काढायची, या माझ्या लेखाखाली त्याच डेटाबेसच्या माउसने चालणाऱ्या वर्कबेंचची बाजू घेत आपण लिहिलंत : “वर्कबेंचमध्ये दोन क्लिकांत होणारं काम काळ्या खिडकीत टाइप करत बसणं ही रिकामटेकड्यांची हौस आहे. शिवाय पासवर्ड उघडा लिहिलाय, आणि स्क्रिप्ट मध्येच अडकली तर काय, यावर चकार शब्द नाही.”

पासवर्डचं मान्य. कमांडमध्येच लिहिला की तो बॅशच्या, म्हणजे त्या काळ्या खिडकीतल्या प्रोग्रॅमच्या, हिस्टरीत तसाच पडून राहतो. होम फोल्डरमधल्या .माय.सीएनएफ या मायएसक्यूएलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवून तिची परमिशन 600, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी, करायला हवी होती. आज रात्री दुरुस्त करतो.

पण रिकामटेकडे?

2009 साली सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी ऊसबिलाला कारकून होतो. नाव लिहीत नाही. हंगाम संपत आलेला. वजनकाट्याच्या पावत्या एक्सेल 2003 मध्ये उघडायचो. त्यात एका शीटला 65,536 ओळी, पुढे एकही नाही. फाइल पूर्ण उघडली नाही अशी चौकट आली, कुणीतरी ओके दाबलं आणि शीट सेव्ह केली. हा तुमचा क्लिक. टनेज काट्याच्या रजिस्टरला जुळेना. तीन दिवस आम्ही पावत्यांवर टिका मारत बसलो. खिडकीशी पलूसकडचे एक आजोबा रोज यायचे, “बाळा, माझ्या शेवटच्या दोन खेपा कुठं गेल्या?” तिसऱ्या रात्री मी शीटच्या तळाशी गेलो. डाव्या कडेला आकडा होता 65536. आजोबांच्या खेपा त्याच्या खाली होत्या, म्हणजे कुठंच नव्हत्या. यात हौस कुठली आली, ते आपणच सांगा.

त्यानंतर मी पंधरवडा.एसक्यूएल ही डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची बावीस ओळींची फाइल लिहिली. आधी पावत्यांची संख्या, मग टनेजची बेरीज, मग गाववार यादी.

मायएसक्यूएल ऊसबिल < पंधरवडा.एसक्यूएल > यादी.टीएसव्ही

म्हणजे ऊसबिल या डेटाबेसवर ती फाइल चालवायची आणि निकाल यादीच्या फाइलमध्ये घ्यायचा. एंटर मारायचा आणि सगळ्यात आधी संख्या रजिस्टरशी ताडून बघायची. कुठल्या तारखेपासूनचा ऊस धरला, कुठली कपात लावली, हे नवा माणूस फाइल उघडून स्वतः वाचतो. मागच्या पंधरवड्याला माउसने कुठल्या चौकटीवर खूण केली होती, हे ती करणाऱ्यालाही आठवत नाही. आणि आपल्या वर्कबेंचचं म्हणाल, तर सेटिंग बदललं नाही तर ते निकाल 1000 ओळींवर तोडतं. आपण बदललं असेल, अनुभवी आहात. आपल्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला सांगितलंत का?

स्क्रिप्ट अडकण्याबद्दल एवढंच : चूक आली तरी पुढे जा असं सांगणारं --फोर्स दिलं नसेल तर ती पहिल्या चुकीलाच थांबते, आणि माझ्या फाइलमध्ये नुसते सिलेक्ट, म्हणजे डेटा फक्त वाचणाऱ्या आज्ञा, आहेत, त्यामुळे डेटाला काही होत नाही. उगाच घाबरवायचं कारण नाही.

नाव न देता ‘एक अनुभवी’ म्हणून लिहिलंत, तरी तांत्रिक चूक पुन्हा दाखवलीत तर दुरुस्त करीन. पण गाळप चालू असताना रात्रपाळीत जागून पोरं आजही हीच फाइल चालवतात, सकाळी खिडकी उघडायच्या आत यादी लागते म्हणून. त्यांना रिकामटेकडं म्हणायचं नाही.