खुलासा: हात थरथरले म्हणजे आत्मविश्वास नाही, असं नव्हे

शिवाजी पार्कला मुलांना मल्लखांबाच्या सरावाला आणणाऱ्या आम्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्पर्धेआधी ज्याचे हात थरथरतात त्याच्यात आत्मविश्वास नाही, त्याला उतरवू नका.’ हे चुकीचं आहे. कृपया पुढे पाठवू नका.

थरथर, धडधड, घाम, पोटात गोळा हा ॲड्रेनलिनचा, म्हणजे ताणात शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम. शरीर तयारीला लागलेलं असतं. क्रीडा मानसशास्त्रज्ञ रेनर मार्टेन्स आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या प्रश्नावलीत शरीराचा ताण, मनातली काळजी आणि आत्मविश्वास या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. आत्मविश्वास जास्त पोखरते ती काळजी. ‘पडले तर? आई काय म्हणेल?’ लक्ष दोरावरून उडतं आणि रोजची पकडही चुकते.

‘शांत हो’ असं सांगणंही फारसं कामाचं नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणारे ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले.

मात्र झोप, जेवण दिवसचे दिवस उडालं असेल तर डॉक्टरांशी बोला.

माझ्या लेकीचे तळवे दोरीच्या मल्लखांबाआधी चिंब होतात. परवा तिने ते दोनदा पुसले, पायाच्या अंगठ्यात दोर धरला आणि सरसर वर गेली.